यादीतली शेवटची अर्धी ओळ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरची छोट्या उद्योगांवरची पुरवणी वाचली. 'छोट्या व्यवसायासाठी अत्यावश्यक तंत्रज्ञान' असं मोठ्या अक्षरात छापून खाली जी यादी दिलीय ती मी पेन घेऊन मोजली, एकवीस गोष्टी भरल्या. वेबसाइट, ऍप, सीआरएम म्हणजे गिऱ्हाइकांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, आपोआप उत्तरं देणारा चॅटबॉट, डॅशबोर्ड, सोशल मीडियाचं कॅलेंडर आणि असंच बरंच काही, प्रत्येकाला एकेक परिच्छेद आणि शेजारी एकेक चित्र. आणि अगदी तळाला, एकविसाव्या नंबरवर, अर्धी ओळ, 'तसेच डेटाचा नियमित बॅकअप घ्यावा'. बस्स. त्या अर्ध्या ओळीसाठीच हे पत्र लिहितेय. लांबलंय जरा, कापायचं असेल तर इकडचं तिकडचं कापा पण मधलं राहू द्या.

आधी मी कोण ते सांगते, नाहीतर वाटेल कोणीतरी कन्सल्टंट बाई आहे. मी आणि माझा धाकटा भाऊ शिलाई मशीनचे सुटे पार्ट विकतो आणि मशीन दुरुस्त करतो. तो मागे बसून मशीन उघडतो, पुढचा काउंटर, बिलं, स्टॉक, उधारी हे सगळं माझ्याकडे, आणि हाताखाली एक मुलगा. एवढाच आमचा कारभार. पण पार्ट म्हणाल तर सुयाच किती प्रकारच्या, त्यात बॉबिन, बॉबिन केस, शटल, टेन्शनच्या स्प्रिंगा, दाते, पट्टे, आणि प्रत्येक कंपनीचं माप वेगळं, तर माझ्या स्टॉकच्या शीटमध्ये साडेतीन हजाराच्या वर ओळी आहेत. ती शीट म्हणजे आमचा धंदा. कपाटं नुसती तिची सावली.

तर ती शीट एकदा गेली. पाच वर्षं होऊन गेली त्याला. सकाळी कॉम्प्युटर चालू केला तर आतून टक् टक् टक् असा आवाज, थांबायचा, परत टक् टक्, आणि स्क्रीनवर काळ्यावर पांढरी दोन ओळींची अक्षरं. भावाने डबा उघडून कान लावला, मशीनवाला माणूस तो, म्हणाला ताई आत काहीतरी आपटतंय. हार्ड डिस्क गेली होती. मी म्हटलं गेली तर गेली, माझ्याकडे बॅकअप आहे, मी दर शनिवारी न चुकता स्टॉकची फाइल 'डी' ड्राइव्हवर कॉपी करते. रिपेरवाल्याने माझ्याकडे असं बघितलं की अजून आठवतं. म्हणाला मॅडम, 'सी' आणि 'डी' ही एकाच डिस्कची दोन नावं आहेत, एकाच खोलीत मध्ये पडदा लावलाय फक्त, छप्पर पडलं की दोन्हीकडे पडणार.

चार वर्षं दर शनिवारी मी एका खोलीतून त्याच खोलीत सामान हलवत होते आणि मनात म्हणत होते की मी किती शिस्तीची.

पुढचे अकरा दिवस दुकान बंद झाल्यावर मी, भाऊ आणि तो मुलगा, आम्ही बिलबुकाच्या कार्बन कॉप्या काढून एकेक ओळ परत टाइप केली. कपाटाचे खण मोजून काढले. पार्ट परत मोजता येतात हो, उधारी मोजता येत नाही. कोणाकडे किती बाकी हे ज्याच्याकडे होतं त्यालाच फोन करून विचारायचं, आणि तो म्हणेल ते लिहून घ्यायचं. बहुतेकांनी खरं सांगितलं, तीनचार जणांना काही आठवेना. सोडून दिलं.

म्हणून म्हणते, धंद्याला आधी काय लागतं असं कोणी विचारलं तर माझं उत्तर एकच, आज रात्री हे मशीन जळालं, चोरीला गेलं, पाण्यात पडलं तर उद्या सकाळी तुम्ही कशावर बिल फाडणार? याचं उत्तर तयार नसेल तर बाकीच्या वीस गोष्टी घेऊ नका, कारण जेवढ्या जास्त घ्याल तेवढं जास्त एका दिवसात जाईल.

यात अवघड काही नाही. फोटोग्राफर लोकांत एक हिशोब चालतो, पीटर क्रो नावाच्या फोटोग्राफरमुळे तो सगळीकडे माहीत झाला, तीन-दोन-एक म्हणतात त्याला. प्रती तीन, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक प्रत त्या जागेच्या बाहेर. माझं आता असं आहे की कामाची फाइल कॉम्प्युटरवर, दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून दुसऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर. फोटोग्राफरकडून एका लग्नाचे फोटो गेले तर ते परत काढता येत नाहीत म्हणून त्यांनी ही अक्कल आधी शिकली असणार, आपण धंदेवाले उशिरा शिकतो.

आता यात बारीक खड्डे आहेत, तेच कोणी सांगत नाही.

पहिला म्हणजे क्लाउडवर आपोआप जाणारी फाइल हा पुरता बॅकअप नाही. ती सिंक असते, म्हणजे इथे केलं ते तिथे होतं. दुकानातल्या मुलाने एकदा चुकून सुयांचा आख्खा भाग डिलीट करून सेव्ह मारला, आणि क्लाउडने इमानदारीने तिथला पण डिलीट केला. जुनं व्हर्जन मागे जाऊन काढता येत होतं म्हणून वाचलो, पण ती जुनी व्हर्जनं काही दिवसच ठेवतात, किती दिवस ते आपल्या सर्व्हिसमध्ये जाऊन बघून ठेवा, आजच बघा. दोन महिन्यांनी लक्षात आलं असतं तर काय केलं असतं.

दुसरा म्हणजे बाहेरची डिस्क कायम लावून ठेवायची नाही. कॉपी झाली की काढायची, ड्रॉवरमध्ये. फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस आला तर जे जे लावलेलं असेल ते सगळं तो बंद करतो, तुमची बॅकअपची डिस्क आहे म्हणून सोडत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला तेव्हा दीडशेच्या आसपास देशांत कॉम्प्युटर बंद पडले, आणि गंमत म्हणजे ज्या भोकातून तो शिरत होता ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलं होतं. लोकांनी 'नंतर आठवण करा' दाबलं होतं. मी पण दाबायचे.

त्याच्या पुढच्याच महिन्यातली एक गोष्ट मला फार आवडते, मोठ्या कंपनीची आहे पण छोट्यांनी ऐकण्यासारखी. मर्स्क म्हणून जहाजांची कंपनी आहे, कंटेनर नेणारी, जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने त्यांचं नेटवर्क आडवं केलं, चार हजार सर्व्हर, म्हणजे सगळ्यांना डेटा पुरवणारे मोठे कॉम्प्युटर, आणि पंचेचाळीस हजार कॉम्प्युटर परत उभे करावे लागले. आता कोणत्या माणसाला कुठे शिरायची परवानगी आहे याची यादी ठेवणारे त्यांचे सर्व्हर होते जगभर मिळून दीडशेच्या घरात, आणि ते एकमेकांकडे बघून आपली यादी ताजी करायचे, म्हणजे एकमेकांचे बॅकअप. पण पुसले गेले ते सगळे एकदमच. आणि ती यादी नाही तर बाकीचं काही परत उभं करता येईना. मग शोधता शोधता घानामधला एक सर्व्हर सापडला, शाबूत, का तर व्हायरस आला तेव्हा तिथे नेमकी लाइट गेली होती आणि तो नेटवर्कवर नव्हता. तिथलं इंटरनेट एवढं हळू की तो डेटा वरून पाठवता येईना, म्हणून डिस्क हातात देऊन माणूस विमानाने इंग्लंडला पाठवायचं ठरलं, तिथे हे सगळं उभं करायचं काम चाललं होतं, पण त्याला तिथला व्हिसा नव्हता, म्हणून त्याने नायजेरियाच्या विमानतळावर दुसऱ्या माणसाच्या हातात दिली आणि त्याने पुढे नेली. एवढी मोठी कंपनी वाचली ती काढून ठेवलेल्या एका प्रतीमुळे, आणि ती पण कोणी मुद्दाम काढलेली नव्हती, लाइटने काढली होती. आपण मुद्दाम काढून ठेवू शकतो, त्याला फक्त वायर उपटायला लागते.

तिसरा खड्डा, आणि मला वाटतं हाच मोठा, की बॅकअप घेतला म्हणजे तो उघडतो असं नाही. गिटलॅब म्हणून प्रोग्रामर लोकांच्या कामाची कंपनी आहे, त्यांच्या एका माणसाने ३१ जानेवारी २०१७ ला चुकून भलत्याच सर्व्हरवर डेटाबेस पुसला. बॅकअप घ्यायच्या पाच पद्धती होत्या त्यांच्याकडे. पाच! त्या वेळेला एकही नीट चालत नव्हती, काही तर कधी लागलेल्याच नव्हत्या, आणि हे त्यांना त्या दिवशी कळलं. सहा तासांपूर्वीची एक प्रत कोणीतरी वेगळ्याच कामासाठी काढून ठेवली होती त्यावर निभावलं. त्यांनी हे सगळं उघडपणे लिहून जगाला सांगितलं याचं मला कौतुक वाटतं. पण ज्यांचा धंदाच कॉम्प्युटरचा त्यांची ही गत, तर मी शिलाई मशीनवाली. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी ती बाहेरची डिस्क भावाच्या लॅपटॉपला लावते, त्यातली एक फाइल उघडते, शेवटची ओळ कालच्या बिलाशी ताडून बघते. पाच मिनिटं लागतात. दोनदा अशी सापडली की उघडलीच नाही.

आता एक्सेलबद्दल बोलते कारण पुरवणीत एक्सेलला अगदी जुनाट म्हणून बाजूला काढलंय आणि त्याच्या जागी महिन्याला भाडं घेणारं सॉफ्टवेअर घ्या म्हटलंय. मला हे पटत नाही. छोट्या धंद्यात कॉम्प्युटर आलाच मुळी या चौकटीच्या कागदामुळे. १९७९ मध्ये ऍपलच्या मशीनवर व्हिजिकॅल्क नावाचं असंच चौकटींचं सॉफ्टवेअर आलं, लोक ते चालवता यावं म्हणून कॉम्प्युटर घेऊन जायला लागले, तोपर्यंत हौशी लोकांचं खेळणं होतं ते. एक आकडा बदलला की खालचे सगळे आपोआप बदलतात हे बघून हिशोबनीसांना काय वाटलं असेल याची मला कल्पना आहे, मला पहिल्यांदा बघून तेच वाटलं होतं.

पण एक्सेल फार शहाणपणा करतं. आमच्याकडे सुईचं माप ११/७५ असं लिहितात. एक्सेलमध्ये ११/७५ टाइप करून एंटर मारलं की ते म्हणतं ही तारीख दिसते, आणि नोव्हेंबर ७५ करून टाकतं. १२/८० ची सुई डिसेंबर ८० होते, ९/६५ ची सप्टेंबर ६५. १४/९० ला मात्र हात लावत नाही, कारण चौदावा महिना नसतो! तर माझ्या शीटमध्ये अर्ध्या सुया सुया होत्या आणि अर्ध्या जुन्या तारखा. बरं ते लक्षात आल्यावर तो कॉलम सिलेक्ट करून 'टेक्स्ट' करायला गेले तर ११/७५ परत येत नाही, २७६९९ येतं, कारण आत ते १९०० सालापासूनचे दिवस मोजून ठेवतं. कितीतरी वेळ मी हा कोणता पार्ट नंबर म्हणून कॅटलॉग चाळत बसले होते. तसंच ००४५ असा पार्ट नंबर असेल तर पुढची दोन शून्यं खाऊन टाकतं, आणि पंधरा आकड्यांपेक्षा लांब नंबर असेल तर शेवटचे आकडे शून्य करून ठेवतं, बँकेचे, मशीनचे सीरियल नंबर टाकणाऱ्यांनी सांभाळा. उपाय सोपा आहे, पण आधी करायचा असतो, नवीन शीट उघडली की नंबर-मापांचा कॉलम पहिल्यांदा टेक्स्ट करायचा आणि मग टाइप करायला घ्यायचं.

माझंच डोकं चालत नाही असं वाटायचं, मग वाचलं की शास्त्रज्ञ लोकांचं पण हेच. माणसाच्या जनुकांना, म्हणजे जीन्सना, मार्च-१, सेप्ट-१ अशी नावं होती, त्यांच्या एक्सेल तारखा करायचं, शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जीन्सचीच नावं बदलली. तेव्हा एक्सेल बदललं नाही, जीन्सची नावं बदलली! आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोरोनाच्या जवळजवळ सोळा हजार केसेस मोजायच्या राहून गेल्या, कारण डेटा एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरत होते, त्यात ६५,५३६ च्या खाली ओळच नसते, उरलेलं बाहेर सांडलं आणि कोणाला कळलं नाही.

मग एक्सेल सोडून मोठ्या सॉफ्टवेअरवर कधी जायचं? माझ्या अनुभवात एकच खूण आहे. जेव्हा दोन माणसं एकाच वेळी त्याच स्टॉकमधून विकायला लागतात तेव्हा. एकाच्या शीटमध्ये चार शटल दिसतायत, दुसऱ्याने त्यातली दोन मगाशीच दिलीत, असं आठवड्यातून दोनतीनदा व्हायला लागलं की मग घ्या. त्याच्या आधी घेतलं तर तुम्ही सॉफ्टवेअरची नोकरी कराल. आणि घ्यायच्या आधी आपल्या पार्टांची नावं एकसारखी करा, कारण आमच्याकडे बॉबिन केस, बोबीन केस, बॉबिनकेस आणि बी. केस असे चार वेगवेगळे माल होते कागदावर, कपाटात एकच होता. ती घाण तशीच नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओतली की भाडं देऊन घाण सांभाळायची. ही नावं सुधारायला आम्हाला तीन रविवार लागले आणि खरं सांगू, अर्धी कटकट तिथेच संपली, सॉफ्टवेअर घ्यायचं त्यानंतर दोन वर्षं लांबलं.

आता किल्ल्यांचं, म्हणजे इंटरनेटवरची आपली खाती कोणाच्या हातात आहेत त्याचं. हे लिहिताना अजून रागच येतो, पण नाव कोणाचं घेत नाही. आम्ही वेबसाइट करून घेतली होती, साधी चार पानांची, फोन नंबर, पार्टांचे फोटो, कसं यायचं. ज्याने करून दिली त्याने डोमेन म्हणजे ते आमचं इंटरनेटवरचं नाव स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर घेतलं. आम्हाला काय माहीत. चांगलाच मुलगा होता, पण त्याने ते काम सोडून दुसरीकडे नोकरी धरली, तो ईमेल बघायचं बंद केलं. डोमेन संपायच्या महिनाभर आधी आणि मग आठवडाभर आधी आठवणीचा मेल पाठवायचा असा डोमेन विकणाऱ्या कंपन्यांना नियम आहे, मेल गेले पण असतील, त्याच्या बंद पेटीत. एके दिवशी साइट गायब. साइटचं मला एवढं वाटलं नाही, पण आमचा ईमेल पण त्याच नावावर होता! माल पाठवणाऱ्यांची बिलं, ऑर्डरी, सगळं बंद, आणि पाठवणाऱ्यांना वाटतंय आम्ही उत्तर देत नाही. नशीब एवढंच की नाव संपलं तरी बऱ्याच प्रकारच्या नावांना नंतर तीस दिवसांची एक मुदत असते, त्यात जास्त पैसे भरून ते जुन्याच मालकाला सोडवता येतं. पण जुना मालक म्हणजे कागदोपत्री तो मुलगा. त्याला शोधून, विनवण्या करून, पंचविसाव्या दिवशी सुटलं.

म्हणून सांगते, साइट कोणाकडूनही करून घ्या, पण डोमेन स्वतः बसून, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या, आणि तो ईमेल त्याच डोमेनवरचा नको, वेगळा ठेवा, नाहीतर कुलपाची किल्ली त्याच कपाटात. ऑटो रिन्यू चालू ठेवा आणि ज्या कार्डावरून पैसे जातात ते कार्ड बदललं की इथे पण बदला. तसंच ओटीपी कोणाच्या फोनवर येतो ते बघा. ओळखीच्या एकीचं आख्खं दुकानाचं खातं काम सोडून गेलेल्या मुलाच्या नंबरवर होतं, तो बिचारा रोज तिला ओटीपी सांगायचा, बरा होता म्हणून. खाती उघडताना फोन हरवला तर आत शिरायला जे रिकव्हरी कोड देतात ते कोणी वाचत नाही, ते प्रिंट काढून दुकानाबाहेर ठेवा. आणि पासवर्डचं म्हणाल तर सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा वहीत लिहून वही कुलपात ठेवलेली परवडली, हे तज्ञांना आवडणार नाही कदाचित. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड सांभाळणारं ऍप, वापरता येत असेल तर सगळ्यात उत्तम, मला दोन वर्षांपूर्वी भाचीने शिकवला, पण ईमेल आणि बँक या दोन ठिकाणी तरी वेगळा आणि लांबलचक पासवर्ड पाहिजेच.

काहीजण म्हणतात वेबसाइट कशाला, सोशल मीडियावर पेज आहे ना. असू दे, आमचं पण आहे, गिऱ्हाईक तिथूनच येतं. पण ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सऍप तिन्ही मिळून सहाएक तास बंद होते, तेव्हा ज्यांच्या सगळ्या ऑर्डरी तिथे होत्या ते नुसते फोनकडे बघत बसले, कारण गिऱ्हाइकांचे नंबरही त्याच चॅटमध्ये. गूगलने दुकानांना फुकट छोट्या साइट करून दिल्या होत्या, मार्च २०२४ मध्ये त्या बंद केल्या. त्यांची वस्तू, ते बंद करणारच, भांडायचं कोणाशी. म्हणून मी दर महिन्याला गिऱ्हाइकांची नावं, नंबर, कोणतं मशीन आहे ते एका साध्या फाइलमध्ये उतरवून घेते.

बाकीचं यंत्रांचं भरभर सांगते. कॉम्प्युटर नवा नसला तरी चालतो पण अपडेट येणारा पाहिजे, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ज्यांच्या काउंटरवर अजून तेच आहे त्यांनी निदान त्यावर बँक उघडू नये. डिस्क एसएसडी टाका, म्हणजे आत काही न फिरणारी, जुन्याच मशीनला नवा जीव येतो, पण ती मरताना टक् टक् पण करत नाही, न सांगता जाते, तेव्हा बॅकअपचा पहिला मुद्दा आहेच. यूपीएस हवा, लाइट गेल्यावर काम चालवायला नाही तर फाइल नीट बंद करून उठायला. त्याची बॅटरी तीन ते पाच वर्षांत जाते आणि नेमकी लाइट गेल्यावरच कळतं, म्हणून मी बॅटरीवर मार्करने तारीख लिहिलीय. इंटरनेटला दुसरी वाट म्हणून मोबाइलचं हॉटस्पॉट, पण दुसऱ्या कंपनीचं सिम असलेलं. थर्मल प्रिंटरची बिलं सुंदर येतात आणि उन्हात, गाडीत ठेवली की पांढरीफट होतात, ज्या बिलावर गॅरंटी आहे त्याचा फोटो काढून ठेवा असं मी गिऱ्हाइकाला सांगते आणि स्वतः पण करते.

पैसे घ्यायच्या क्यूआरचं एकच, गिऱ्हाइकाने दाखवलेल्या स्क्रीनवर विश्वास नाही ठेवायचा, आपल्या बँकेच्या मेसेजवर किंवा ऍपवर दिसलं तरच मिळाले. आणि रोज सकाळी गल्ला उघडताना आपलाच क्यूआर आपल्याच फोनने एकदा स्कॅन करून नाव बघायचं, वरून दुसरं स्टिकर चिकटवून जाणारे असतात.

चॅटबॉटबद्दल विचाराल तर आमच्याकडे येणारा मेसेज असा असतो, तळहातावर तुटलेल्या पार्टचा एक फोटो, अंधारात काढलेला, आणि खाली 'हे आहे का?'. एवढंच. याला उत्तर द्यायला भाऊ लागतो. तो म्हणतो शेजारी पट्टी ठेवून परत फोटो पाठवा. मग आम्ही तुटलेल्या पार्टांचे आमच्याकडचे फोटो पार्ट नंबरचं नाव देऊन एका फोल्डरमध्ये ठेवायला लागलो, आता तीनशेच्या वर झालेत, आणि हाताखालचा मुलगा त्यातून जुळवून स्वतः उत्तर देतो. पुरवणीतल्या एकवीस गोष्टींत हे नाही. याला नाव पण नसेल कदाचित.

संपादक साहेब, एक मागणं आहे. पुढच्या वेळी पुरवणी काढाल तेव्हा जे जे सॉफ्टवेअर, जी जी सर्व्हिस त्यात घ्याल त्यांना एवढंच विचारून उत्तर खाली छापा, की मी उद्या तुम्हाला सोडलं तर माझा सगळा डेटा, गिऱ्हाईक, स्टॉक, उधारी, मला साध्या सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे कुठल्याही शीटमध्ये उघडणाऱ्या फाइलमध्ये, मिळेल का, मी स्वतः काढू शकते का तुम्हाला फोन करून मागावा लागेल, आणि महिन्याचं भाडं थकलं तर जुनं निदान वाचता तरी येईल का. मी गेल्या वर्षी सॉफ्टवेअर घेताना तिघांना विचारलं. एकाने लगेच बटण दाखवलं. एक म्हणाला सोडायचा विचार आत्तापासून कशाला करता. तिसऱ्याने वरिष्ठांना विचारून सांगतो म्हटलं, अजून सांगतोय.

पहिल्याचं घेतलं.

आपली,
एक शिलाई मशीन पार्टवाली

ता. क. ती गेलेली डिस्क अजून काउंटरच्या ड्रॉवरमध्ये आहे. भाऊ म्हणतो टाकून दे. नवीन मुलगा कामाला आला की पहिल्या दिवशी मी ती त्याच्या हातात देते आणि हलवून बघायला सांगते.